सप्ताहातला चोख बंदोबस्त

२ जानेवारी २०२५, गुरुवार. सायंकाळी ६

नवीन वर्ष, नवी डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळाली. कव्हरवर बोंडअळीचा फोटो आहे, पण आत कागद चांगला आहे.

आज बीडला डॉक्टरकडे गेलो होतो. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन एकदम छान झालंय. मग खोकलं की, शिंकलं की, खाली बसून उठलं की थोडं थोडं सुटतं त्याचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, काही महिने होतं तसं, व्यायाम करा, तोपर्यंत डायपर लावा. डॉक्टर वयानं लहान आहे. पुण्याकडं शिकलेला. त्याला आपल्याकडच्या थंडीची कल्पना नाही. हा निव्वळ थंडीचा परिणाम आहे. संक्रांत झाली की आपोआप थांबेल.

तरी डॉक्टरचा मान राखावा म्हणून दोन पुडकी घेतली. मेडिकलवाल्यानं ती पारदर्शक पिशवीत घालून दिली! पुडक्यावर एक म्हातारा आणि एक म्हातारी खदाखदा हसतायत. त्यांना एवढं काय मिळालंय कळत नाही. सगळं शालीत गुंडाळून छातीशी धरलं आणि एसटीत चढलो. गर्दीत एका बाईनं उठून जागा दिली. म्हणाली, लेकरू हाय जवळ, बसा तुमी. मांजरसुंब्याच्या पुढं ती शालीचं टोक सरकवून तोंड बघायला लागली. मी म्हटलं, आत्ताच झोपलंय.

गावात कुणालाही कळता कामा नये. माहीत फक्त तिघांना: डॉक्टर, मी आणि माझी बायको वनमाला. या डायरीतही त्या वस्तूचं नाव पुन्हा लिहायचं नाही. यापुढं शब्द 'बंदोबस्त'.

३ जानेवारी, शुक्रवार

घरात रंगीत तालीम. दार लावून बंदोबस्त लावला, वरून धोतर नेसलो. आरशात पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नाही. पँटवाल्यांचे हाल होत असतील, धोतरवाल्याला चिंता नाही. चालताना थोडा चुरचुर आवाज येतो, पण इस्त्रीच्या धोतराचा पण येतोच. पाय जरा फाकून, सावकाश टाकावे लागतात. त्यामुळे चालीला वजन आलंय.

वनमालाला विचारलं, कसं दिसतंय. ती म्हणाली, अंडं घालायला निघालेल्या कोंबडीवाणी. बायकांना कपड्यांतलं कळतं हा एक गैरसमज आहे.

५ जानेवारी, रविवार

मंदिरात सप्ताह कमिटीची मीटिंग. बंदोबस्तासह पहिलीच सार्वजनिक उपस्थिती. यशस्वी.

बावीस वर्षं मी अध्यक्ष आहे. सरपंचपद आरक्षणात गेलं. सोसायटीत पॅनल पडलं. पोरगा पुण्यात फ्लॅट घेऊन बसला. आता लोक मान वर करून माझ्याकडे बघतात असं एकच ठिकाण उरलंय: कीर्तनात महाराजांच्या समोर, पहिल्या ओळीत, लोडाला टेकून. ते गेलं तर मी कोण? हे मी कुणाला बोलणार नाही, पण खरं आहे.

आणि नेमका शहादेव त्यावर डोळा ठेवून आहे. तो पाणी विभागाचा प्रमुख, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आज सगळ्यांसमोर म्हणाला, आबांचं आत्ताच ऑपरेशन झालंय, दोन दोन तास मांडी घालून कशाला बसायचं, यंदा जरा आराम करू द्या. लई काळजी! मी त्याला तिथंच गार केलं. मागच्या वर्षी कीर्तनात मधेच उठणाऱ्यांची नावं मी माईकवरून घेतली होती. शिस्त म्हणजे शिस्त. यंदा त्याच्याही पुढचा ठराव मांडला: कीर्तन चालू असताना जो उठेल, त्याला पुढच्या वर्षी कोणतंही पद नाही. शहादेवनं हळूच विचारलं, अध्यक्षाला धरून? मी म्हटलं, अध्यक्षाला आधी.

धर्मराज गुरुजींनी ठराव बुकात लिहिला, मी सही केली. शहादेवचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काहीतरी बोलणार होता, पण मधेच पाण्याची टाकी बघून येतो म्हणून उठून गेला.

परत येताना लक्षात आलं की सात दिवस संध्याकाळी सात ते नऊ आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन अडीच तास. बंदोबस्त वाढवावा लागेल.

७ जानेवारी, मंगळवार

नांदूरघाटच्या मेडिकलवर जाणं शक्य नाही, तो शहादेवचा मेहुणा. म्हणून केजला गेलो. मेडिकलमध्ये पाय ठेवला तर गावातली साखराबाई गुडघ्याचं मलम घेत उभी. खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. ती गेल्यावर तोंड उघडलं, तेवढ्यात भजनी मंडळाचा सटवा आला. थर्मामीटर घेतलं. तो हलेना. मग ओआरएस, कापूस, कुत्र्याच्या गोचिडांची पावडर घेतली. आमच्याकडं कुत्रं नाही.

सटवानं घरी येऊन वनमालाला विचारलं म्हणे, आबांना नेमकं झालंय काय?

८ जानेवारी, बुधवार. सकाळी १०

ऑनलाइन! मला आधीच कसं सुचलं नाही? चष्मा लावून दीड तासात ऑर्डर दिली. दहाची सहा पुडकी. एक्स्ट्रा लार्ज.

पत्त्याचा प्रश्न होता. घरचा पत्ता दिला तर कुरिअरवाला पार्सल फाट्यावरच्या हॉटेलात टाकतो आणि हॉटेलवाला चहा पिणाऱ्यांना नावं वाचून दाखवतो. म्हणून पत्ता दिला: अध्यक्ष, सप्ताह कमिटी, मंदिर. सप्ताहात मंदिरात बॅनर, बिल्ले, पत्रावळ्यांची दहा खोकी येतात. त्यात अकरावं. कुणाला शंका येणार? मी तिथंच असणार, अलगद उचलणार. याला राजकारण म्हणतात.

१२ जानेवारी, रविवार

सप्ताह सुरू. सात ते नऊ हललो नाही. पुतळा! शहादेव दोनदा उठला, पाण्याची टाकी बघायला. पाणी विभागाचं कारण असल्यामुळे ठरावात बसत नाही म्हणे. असू दे.

मांडव निम्माच भरतो. गावातली सगळी जवान माणसं कोयते घेऊन उसाला गेलेली, लहान लेकरंही त्यांच्यासोबत फडातल्या झोपडीत, कोपीवर. मागं आम्हीच, साठीच्या पुढचे. म्हातारी माणसं सारखी उठतात, पण यंदा ठरावाच्या आणि माईकवर नाव येण्याच्या भीतीनं बरीच आलीच नाहीत. शिस्त लागली. मंजुळाबाई मागच्या वर्षीपासून येत नाही. अठ्ठ्याहत्तरची आहे. तिचं नाव मी माईकवर दोनदा घेतलं होतं. जरा जास्त झालं असेल.

१३ जानेवारी, सोमवार

वापरलेला बंदोबस्त बांधावर खड्डा करून पुरत होतो. चोख पद्धत. पण खड्डा थोडा उथळ पडला असावा. कीर्तनाच्या आधी एक कुत्रं एक नग तोंडात धरून थेट मांडवात आलं आणि मधोमध ठेवून बसलं.

प्रसंगावधान माझ्या रक्तातच आहे. माईक घेतला आणि आजकालच्या आयांवर सात मिनिटं बोललो. लेकरांचं असलं सामान उघड्यावर टाकता, लाज कशी वाटत नाही, वगैरे. भाषण इतकं परिणामकारक झालं की कुणाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही. शहादेव खाली मान घालून उपरण्यानं तोंड पुसत होता. त्याच्या सुनेला लागलं असेल. पण ती तर कारखान्यावर आहे. गावात तान्हं लेकरू सध्या कुणाच्याच घरी नाही, असं वनमाला घरी आल्यावर म्हणाली. असेल एखादं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेतला, पाणी घेतलं नाही. नवीन धोरण: दुपारी बारानंतर पाणी बंद.

आजचे महाराज फार विनोदी. हसलं की सुटतं, म्हणून मी हसायचं नाही असं ठरवलं. लोक लोळत होते, मी दगडासारखा. कीर्तन संपल्यावर महाराज माझ्याजवळ येऊन म्हणाले, आबा, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, मी चिंतन करत होतो. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आज संक्रांत झाली. उद्यापासून फरक पडेल.

१५ जानेवारी, बुधवार

फरक नाही. थंडी मागाहून उतरते.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४

शिल्लक दोन. मोबाइलवर लिहून आलंय की पार्सल पोचलं. धावत मंदिरात गेलो (धावायला नको होतं). खोकं कुठं दिसेना. धर्मराज गुरुजींना सहज विचारल्यासारखं विचारलं, काय काय सामान आलं. म्हणाले, सगळं कोठीत ठेवलंय, किल्ली शहादेवकडं हाय, तुमाला कोणतं खोकं पायजे? मी म्हटलं, मला कशाला खोकं पाहिजे.

कोठीच्या खिडकीतून खोकं दिसलं. अर्ध्या तासात तीनदा बघून आलो. नंतर कुणीतरी खिडकी लावून घेतली. उद्या काहीतरी करून किल्ली मिळवतो. घाबरण्याचं कारण नाही.

१८ जानेवारी, शनिवार. रात्री ९.३०

झोप येणार नाही, आत्ताच लिहितो.

शेवटचा नग लावून कीर्तनाला बसलो. आधी देणगीदारांची नावं वाचायचा कार्यक्रम असतो. गुरुजी निवृत्त झाल्यापासून माईक हातात आला की सोडत नाहीत. कुणी शेंगदाणे दिले, कुणी तुपाचा डबा दिला, एकेकाला फुलं. आणि मग त्यांनी माझं खोकं टेबलावर ठेवलं!

म्हणाले, एका दानशूरानं गुप्तदान केलंय, पण मी ते उघड केल्याशिवाय राहणार नाही. बिलावर नाव विजयसिंह आबांचं आणि पत्ता मंदिराचा. ज्या वृद्ध भाविकांना मधेच उठावं लागतं, त्यांना सुखानं कीर्तन ऐकता यावं म्हणून आपल्या अध्यक्षांनी, असं म्हणत त्यांनी पुडकं वर धरलं. ती हसणारी जोडी सगळ्या मांडवाला दिसली. मग गुरुजींनी सवयीप्रमाणे पुडक्यावरचं सगळं वाचलं. एक्स्ट्रा लार्ज. दहा तास सुरक्षा. दुर्गंधीमुक्त.

जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं. आणि तेवढ्यात टाळ्या पडायला लागल्या.

काय टाळ्या! सरपंच झालो तेव्हासुद्धा अशा पडल्या नव्हत्या. मला वर बोलावलं. शाल, नारळ, हार. कुणीतरी माईक दिला. मी बोललो. या योजनेचा मी कित्येक वर्षं विचार करत होतो. लाजायचं काय त्यात? शरीर म्हटलं की हे आलंच. देवाच्या कृपेनं मला स्वतःला गरज नाही, पण माझ्या माणसांचे हाल मला बघवत नाहीत. बारा मिनिटं बोललो. उत्तम झालं.

खाली उतरलो तोवर खोकं रिकामं.

साठच्या साठ. रांग लावून नेले. सटवानं दोन जोड्या नेल्या, शहादेव म्हणे रांगेत दुसरा होता. वाटप चालू आहे कळल्यावर मंजुळाबाई घरून काठी टेकत आली. वर्षभरानंतर मंदिरात पहिल्यांदा. वाण नाकारू न्हाई म्हणून तिनं तीन घेतले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, इजयसिंगा, तुला लई पुन्य लागंल बाबा. मागच्या वर्षीचं ती काहीच बोलली नाही. मलाच भरून आलं.

उद्या काल्याचं कीर्तन. दहा ते साडेबारा. माझ्याकडे शिल्लक शून्य.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ७

कल्पना: लाभार्थी सर्वेक्षण. घरोघर जाऊन मालाची तपासणी करायची आणि नमुना म्हणून एक परत घ्यायचा.

सकाळी ८.३०

सर्वेक्षण झालं. मंजुळाबाईनं एक लावलाय, दोन पेटीत कुलपात, म्हणाली मरेपर्यंत पुरवीन. साखराबाईनं थंडीनं कुडकुडणाऱ्या करडाच्या पोटाला बांधलाय. सटवा दार उघडेना. आतून म्हणाला, आबा, दिलेलं दान मागं घेत असत्यात व्हय? म्हणजे कुजबुज पसरली.

वनमाला म्हणाली, जुन्या लुगड्याची घडी घाला, आमचं आयुष्य गेलं तसंच. मी तिला सांगितलं, अध्यक्षाला हे शोभत नाही. मनाचा निग्रह नावाची गोष्ट असते. ती म्हणाली, निग्रह वाळत कुठं घालायचा तेवढं सांगून जा.

९.३०. निघतो. निग्रह पक्का.

१९ जानेवारी. दुपारी ३

दहा वाजता बसलो. मांडव कधी नव्हे एवढा भरला होता. अकरापर्यंत एकही म्हातारं माणूस उठलं नाही. सटवा नाही, साखराबाई नाही. मंजुळाबाई पहिल्या ओळीत, माझ्या डाव्या हाताला, मांडी घालून टाळ्या वाजवत होती. उजव्या हाताला शहादेव. रोज दोनदा टाकी बघणारा शहादेव आज शिळेसारखा. सगळा गाव निवांत. चुळबुळ करणारा एकटा मी.

सव्वा अकराला महाराजांनी यमुनेच्या पाण्याचं वर्णन सुरू केलं. दहा मिनिटं नुसतं पाणी.

माझ्या कपाळाला घाम आला. आणि शहादेवनं न बघता त्याच्या उपरण्याखालून काहीतरी माझ्या मांडीवर सरकवलं. एक नग. कानात म्हणाला, आबा, उठा. मी दोन घेतलते, एक अंगावर हाय. मी म्हटलं, ठराव. तो म्हणाला, कुत्र्यानं आणलं त्याच दिवशी समद्या गावाला कळलंय, ठरावाचं काय घेऊन बसलाव. मी तरी हललो नाही. वाटलं, उठलो की बावीस वर्षं गेली.

मग शहादेव स्वतः उभा राहिला. टाकीचं नाव न घेता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मला लघवीला जायचंय, आबा, चला. आणि हात पुढं केला.

मी हात धरला. उठलो. कुणी हसलं नाही. महाराजसुद्धा थांबले नाहीत. कोठीमागं जाऊन यायला पाच मिनिटं लागली. धोतर थोडक्यात वाचलं. (थोडक्यात म्हणजे पूर्ण नाही.)

परत आलो तर लोड होता तिथंच होता. मंजुळाबाईनं त्यावर हात ठेवून जागा धरली होती.

२० जानेवारी, सोमवार

कमिटीची मीटिंग. मला वाटलं, कालचा विषय कुणी काढणार नाही. पण गुरुजींनी बुक उघडलं आणि ठराव सहीसकट मोठ्यानं वाचला. शहादेव म्हणाला, बरोबर हाय, मी उठलो, आबा उठले, दोघंबी कटाप. वर त्यानंच नाव सुचवलं. न उठलेल्यांत वयानं मोठं कोण, त्याला अध्यक्ष करा.

एकमतानं अध्यक्ष: मंजुळाबाई.

मला कायमचं एक पद दिलं आहे. दरवर्षीचे 'त्या वस्तूचे' देणगीदार. मानाचं आहे. नारळ मिळणार.

घरी येऊन वनमालानं विचारलं, वाईट वाटलं का. वाटलं. लई वाटलं. पण काल हात धरून उठताना जे हलकं वाटलं, तसं बावीस वर्षांत लोडाला टेकून वाटलं नव्हतं, हे पण तिला सांगितलं. ती म्हणाली, ते मोकळं व्हायला मिळणार म्हणून. 

शिल्लक शून्य असल्यामुळे तातडीनं नवी ऑर्डर दिली. या वेळी पत्ता टाकायचीही गरज पडली नाही, मोबाइलनं जुना जपून ठेवला होता. एका बोटात काम.

२७ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५

पत्ता होता: अध्यक्ष, सप्ताह कमिटी.

दुपारी झोपलो होतो. मंदिरावरच्या भोंग्यातून आधी ठकठक झाली, मग मंजुळाबाईचा आवाज. पद मिळाल्यापासून ती माईक शिकली आहे. म्हणाली, आरं इजयसिंगा, तुजं डायपर आलंय, येऊन घेऊन जा. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं. ऐकू नांदूरघाटपर्यंत गेलं असेल.

उठलो. शाल खुंटीला होती, तिथंच राहू दिली. मंदिरात गेलो, पार्सल उघडंच काखेत मारून निघालो. वाटेत सटवानं हात पसरला, त्याला एक पुडकं दिलं. पारावर शहादेव बसला होता, त्याला न मागता दिलं, शेजारी थोडा वेळ बसलो. साखराबाईनं करडासाठी दोन मागितले. पुढच्या गल्लीत आणखी चौघं उभे होते.

घरी पोचलो तेव्हा सात डायपर उरले होते. वनमाला म्हणाली, आठवडा निघंल. मी म्हटलं, तोवर थंडी कमी होईलच.